मास्तरांची लोण्यासारखी गाडी

...आणि वर मलाच सांगतो, "मास्तर, गाडी तर लोण्यासारखी चालतेय!" लोण्यासारखी! अहो, लोण्यासारखी चालत असती तर मी काय हौसेनं आलो होतो का तुझ्या गॅरेजात, त्या मोडक्या स्टुलावर तोल सांभाळत बसायला? पण नाही, मेकॅनिकच्या तोंडून एकदा लोणी बाहेर पडलं की संपलं, मग तुम्ही कितीही घसा फोडा, गाडी शहाणी आणि तुम्ही भ्रमिष्ट!

बसा ना, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, या बाजूला या. तुमचं कोण आत? सासूबाई? खांदा? बरं बरं. आमच्याकडे पाठ. म्हणजे माझी नाही, हिची. मणक्याचं ऑपरेशन झालं, आता आठवड्यातून दोनदा इथे व्यायामाला आणायचं, आत नेलं की ती व्यायाम घेणारी पोरगी हिला गादीवर आडवं करते आणि "आजी, पाय वर, आजी, श्वास सोडा" सुरू होतं, आणि मी इथे भिंतीवरचं ते मणक्याचं चित्र बघत बसतो. किती बघायचं? आता डोळे मिटले तरी तेच दिसतं. तेव्हा ऐका. तुम्हालाही वेळ आहे, मलाही आहे. वेळच राहिलाय आता आपल्याकडे, दुसरं काय आहे?

तर मी मास्तर. शाळेतला नव्हे, गाडीचा. ड्रायव्हिंग स्कूल होतं माझं. या गावातली निम्मी माणसं माझ्या शेजारी बसून गाडी शिकली, आणि बाहेर रस्त्यावर जो गोंधळ चाललेला दिसतो ना तुम्हाला, त्यातला निम्मा माझाच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? उभं आयुष्य बाजूच्या सीटवर गेलं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव माझा टांगणीला! म्हणून शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही एक जादाचा ब्रेक आणि एक जादाचा क्लच बसवलेला असतो, शिकणाऱ्यानं डोळे मिटले की आपण दाबायचा. आणि मिटतात हो डोळे! एक वकील होते, कोर्टात म्हणे गर्जायचे, आणि चौकात समोरून ट्रक आला की दोन्ही हात सोडून, "मास्तर, तुम्ही बघा!" आता मी काय बघू? तर सांगत काय होतो... हां, क्लच. अहो, देवाचं नाव मी जन्मात जितक्या वेळा घेतलं नसेल तितक्या वेळा एकच वाक्य बोललोय, "क्लचवरचा पाय काढा!" लोकांना ही खोडच असते, गिअर टाकून झाला तरी पाय आपला क्लचवर टेकवूनच चालवायचं, आत प्लेट जळतेय, गाडीभर वास सुटलाय, आणि साहेब आपले मजेत शीळ घालतायत. "पाय काढा! पाय काय उशीवर ठेवलाय का?" माझी मुलगीही माझ्याकडेच शिकली, तिलाही सोडलं नाही मी. रडवली होती तिला त्या पायापायी, भर रस्त्यात. अजून सांगते ती लोकांना, "बाबांनी मला गाडी नाही शिकवली, पाय उचलायला शिकवला." असो.

मग माझा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, क्लच बंद." क्लच बंद म्हणजे शाळाच बंद की! बोर्ड उतरवला, शिकवायची गाडी विकली, आणि घरच्यासाठी घेतली ही जुनी ऑटोमॅटिक, दातांच्या डॉक्टरांची होती, त्यांनी ती आपल्या खुर्चीसारखी जपलेली. ऑटोमॅटिक म्हणजे तुम्हाला माहितीये ना? क्लचच नाही! गिअर तिचे ती टाकते. उजव्या पायानं काय तो ब्रेक आणि काय तो अॅक्सिलरेटर, डाव्या पायाला काडीचं काम नाही. झाला तोही माझ्यासारखाच रिटायर, बसला कोपऱ्यात.

गाडी घेतली तेव्हा उत्तम होती, खोटं कशाला बोलू. हिचं ऑपरेशन झालं, हिला टाके घालून घरी आणली, आणि त्या दिवसापासून गाडीला हे सुरू झालं. कसं ते सांगतो. गाडी सरळ रस्त्याला लागलीय, गिअर सगळे पडलेत, कुणी काही करत नाहीये, आणि मध्येच इंजिनचा आवाज चढतो, घूंऽऽऽ, काटा वर, पण गाडीचा जोर मात्र सुटतो, आणि आपण "काय झालं" म्हणेपर्यंत आतून लाथ बसल्यासारखा झटका... धप्! आणि पुन्हा सगळं शांत. पुन्हा जरा पुढे गेलं की घूंऽऽऽ... धप्! आता मला सांगा, माझ्यासारख्याला ठीक आहे, मी आयुष्यभर झटकेच खाल्ले, पण शेजारी ही! मणक्यात नवे स्क्रू घातलेली बाई! ओरडली असती तर बरं झालं असतं हो. ही ओरडत नाही. वरची ती कडी असते ना दाराजवळ, ती धरते घट्ट, ओठ पांढरे होतात, आणि म्हणते काय? "काही नाही, चला." काही नाही!

मुलीच्या ते लक्षात आलं. एकदा आमच्याबरोबर मागे बसली होती, दोन झटके बसले, आईचा चेहरा तिनं आरशात बघितला, आणि घरी आल्यावर पर्ससुद्धा खाली न ठेवता उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, आईला मी माझ्याकडे नेते. माझ्याकडून हॉस्पिटल जवळ आहे." म्हटलं, "नेते म्हणजे? किती दिवस?" "बरी होईपर्यंत." "आणि मी?" "तुम्ही पण या की, तुम्हाला कोण नको म्हणतंय?" आता हे "कोण नको म्हणतंय" ज्या सुरात म्हटलं जातं ना, तो सूर तुम्हाला माहीत असेल. दोन खोल्यांत ती, जावई, तिची मुलं, त्यात आईचा पलंग, मग मी झोपू कुठे, गॅलरीत कुंड्यांच्या मध्ये? आणि हिच्याशिवाय त्या घरात मी एकटा? अहो, मला साधी मिठाची बरणी सापडत नाही! मिठाचं सोडा. संध्याकाळी लाइट लावायला सुद्धा मला कुणीतरी "अहो, लाइट लावा" म्हणावं लागतं, नाहीतर मी अंधारातच बसून राहतो, हे मला तेव्हा कळलं ना, ही हॉस्पिटलात होती तेव्हा. मी मुलीला म्हटलं, "गाडीचं काम करून घेतो. एक झटका बसला नाही पाहिजे, मग तर झालं?" म्हणाली, "बघा. नाहीतर मी नेणार."

मग सुरू झाली आमची यात्रा. पहिला तो कोपऱ्यावरचा, स्टूलवाला. माझ्याच हाताखाली शिकलेला. गाडी घेऊन गेला, गावभर फिरवून आला, सोबत भाजी पण आणली घरची, आणि उतरता उतरता काय म्हणाला? बरोबर. "मास्तर, लोण्यासारखी!" म्हटलं, अरे, नीट बघितलंस का? "आता काय गाडीत झोपू का, मास्तर?"

दुसऱ्याकडे संगणक होता. पांढरा कोट घातलेला मेकॅनिक तुम्ही पाहिलाय कधी? हा होता. गाडीच्या डॅशबोर्डखाली वायर खुपसली, पडद्यावर बघत राहिला, हूं केलं, पुन्हा बघितलं, मला वाटलं आता सांगतो चौथ्या स्टेजला आहे. म्हणाला, "काका, गाडीची काहीच तक्रार नाही." म्हटलं, गाडीची नसेल, माझी आहे! "सिस्टिममध्ये तुमची तक्रार येत नाही ना, काका." मग ट्रायल घेतली. मग तेच. लोण्यासारखी! संगणक लावूनसुद्धा लोणीच निघालं!

आणि खरं सांगायचं तर मी एकटा चालवायचो तेव्हाही झटका बसायचा नाही. भाजीला गेलो, औषधं आणायला गेलो, गाडी अशी चालायची की डुलकी लागावी. मुलीनं चालवली, आई शेजारी, काही नाही. मी आणि ही दोघं बसलो की घूंऽऽऽ धप्! याला काय म्हणणार? शेजारचे एक इंजिनिअर आहेत, पूल बांधायचे, ते म्हणाले, "लोड. वजनाचा प्रश्न आहे. वहिनींचं वजन किती?" आता मला सांगा, हा प्रश्न घरात जाऊन विचारायचा कसा? विचारला. ही पलंगावरून मान न हलवता म्हणाली, "पाठीत स्क्रू घातलेत, त्यांच्यासकट सांगू की वगळून?" शेवटी अंदाजानं वाळूची पोती आणली, शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला त्यांना, लोक बघताहेत, आणि निघालो. काही नाही! वाळूला झटका नाही! वाळू लोण्यासारखी गेली आणि आली. माझ्या बायकोशीच काय वैर होतं त्या गाडीचं?

तिसरा गिअरबॉक्सवाला. हा नुसता गिअरबॉक्सचं काम करतो, दुसऱ्या कशाला हात लावत नाही, आणि याच्याकडे गेलं की सुतकात आल्यासारखं वाटतं. उघडून ठेवलेले गिअरबॉक्स ओळीनं, खाली कागद अंथरलेला, आणि हा हळू आवाजात बोलतो. यानं तेल बघायची पट्टी बाहेर काढली, पांढऱ्या फडक्यावर तेलाचा थेंब पुसला, मला जवळ बोलावलं. "बघा. नवं तेल लाल असतं. हे बघा." काळपट तपकिरी! "वास घ्या." घेतला. जळका! म्हटलं, म्हणजे काय? म्हणाला, "आत काहीतरी सारखं सुटतंय आणि धरतंय, त्यानं तेल जळलंय. का सुटतंय ते सांगता येत नाही." म्हटलं, तेल बदलू या. "बदला. पण जुना गिअरबॉक्स आहे, जुन्या तेलावर तग धरून असतात काही काही. नवं घातलं आणि काही झालं तर मी जबाबदार नाही." बरं, मग नको बदलू या. "मग काही झालं तरी मी जबाबदार नाही." आणि खांद्यावर हात ठेवून विचारतो, "घरी आणखी कोणती गाडी आहे?" तुम्हाला सांगतो, आमच्या सर्जननं सुद्धा इतक्या हळुवार आवाजात विचारलं नव्हतं!

शेवटी उलगडा कुठे झाला? पुरीचा घास तोंडात... नाही, तसं नाही, नातवाचा वाढदिवस होता, मुलीकडे जेवायला चाललो होतो, पुढे आम्ही दोघं आमच्या गाडीत, आणि मागून जावईबापू त्यांच्या गाडीत, केक घेऊन. आम्ही नेहमीप्रमाणे घूंऽऽऽ धप् करत पोचलो. मी उतरतोय, हिला उतरवतोय, आणि जावईबापू केकचा डबा दोन हातांत धरून येतात आणि अगदी सहज विचारतात, "बाबा, रिकाम्या रस्त्यावर तुम्ही सारखे ब्रेक का मारत होतात?"

म्हटलं, मी? ब्रेक? "हो, मागचे लाल दिवे सारखे लागत होते. लागले, विझले, लागले, विझले. मला वाटलं मला काही खूण करताय." म्हटलं, जावईबापू, मी गाडी शिकवलीय गावाला, मी रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारीन? केक आत गेला. पण मला ताटातसुद्धा ते लाल दिवेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी गेलो त्या गिअरबॉक्सवाल्याकडे, हिला घेऊनच गेलो, आणि त्याला म्हटलं तू मागे बस आणि माझ्या पायाकडे बघ. निघालो. सरळ रस्ता आला. घूंऽऽऽ... धप्! आणि मागून तो, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात, "मास्तर! डावा पाय!"

डावा पाय हो! रिटायर झालेला! कोपऱ्यात बसलेला! तो मला न विचारता, मला न सांगता, हळूच उठून ब्रेकवर जाऊन टेकत होता! दाबत नव्हता, नुसता टेकत होता. गिअरबॉक्सवाल्यानं मग गाडी कडेला घ्यायला लावून सांगितलं, की वेग आला की या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स आतून एकमेकांना घट्ट धरतात, आणि ब्रेकला नुसता पाय लागला, मागचा दिवा पेटण्याइतका, की ती पकड सुटते, गाडीला वाटतं थांबायचंय. पाय उचलला की पुन्हा पकडते. सुटली की घूं, पकडली की धप्. "गाडीत काही दोष नाही, मास्तर," म्हणाला, आणि मला वाटतं त्याला लोणी म्हणायचं होतं, पण माझं तोंड बघून गिळलं त्यानं.

आता प्रश्न, हिच्याच बरोबर का? एकट्यानं नाही, वाळूबरोबर नाही, हिच्याबरोबर का? अहो, सोपं आहे. शेजारच्या सीटवर कुणाचा तरी जीव आपल्या भरवशावर बसलाय असं वाटलं की माझा पाय पेडलवर तयार राहतो, तोच त्याचा जन्माचा धंदा! खड्डा दिसला, पाय तयार. सायकलवाला दिसला, पाय तयार. हिला झटका बसू नये म्हणून पाय तयार, आणि म्हणूनच झटका! क्लचवरचा पाय काढा म्हणून जगाला शिव्या घालणारा मी, आणि माझाच पाय... जाऊ द्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. घरी येताना मी म्हटलं, "तुला दिसला नाही कधी माझा पाय? शेजारी तर बसतेस." तर ही खिडकीबाहेर बघत म्हणते, "दिसायचा की." म्हटलं, काय? "पहिल्या दिवसापासून दिसायचा. मान वर करून बसता येत नाही मला, खालीच बघत असते. तुमचा पाय आला की मी कडी धरायची." अगं मग बोलली का नाहीस! मी दारोदार फिरलो, वाळू आणली, तुझं वजन विचारलं! तर म्हणते, "गिअरबॉक्स म्हटलं तर गाडी गॅरेजला जाते. पाय म्हटलं असतं तर लेकीनं तुमची किल्ली काढून घेतली असती. मग तुम्ही दिवसभर काय केलं असतं?"

मी गाडी कडेला घेतली. पुढचं मला काही दिसेना, खरंच सांगतो. स्क्रू घातलेल्या पाठीवर ही बाई महिनोन्महिने माझ्या पायाचे झटके खात होती आणि गिअरबॉक्सला बोल लावत होती! मुलीलासुद्धा सांगायची, "नाही गं, गिअरबॉक्सच आहे, मला आवाज येतो ना आतून." आवाज येतो म्हणे!

मग उपाय काढला. हिनंच काढला. गाडीत बसलं की डाव्या पायातला बूट काढायचा आणि हिच्या मांडीवर द्यायचा. अनवाणी पायाला पेडल लागलं की गार लागतं, लगेच कळतं. ही पेपरात गुंडाळून बूट मांडीवर घेऊन बसायची, दोन्ही हातांनी धरून, कडी सोडून दिली तिनं. आणि तुम्हाला सांगतो, चार दिवस गाडी काय चालली! एकदा तर ही झोपली वाटेत, बूट तसाच मांडीवर. त्या दिवशी मी लांबच्या रस्त्यानं नेलं तिला, उगाच. एका पायात बूट, एक पाय अनवाणी अशा थाटात इथे आत आलो, तो दारावरचा वॉचमन विचारतो, "बाबा, तुम्हाला पण व्यायाम आहे का?"

इथे थांबायला हवं होतं मी. पण माणूस थांबतो का? मला वाटलं, माझ्या पायानं गाडीचं तेल जळलं, आपलं पाप, आपण निस्तरायला नको? गिअरबॉक्सवाल्याकडे गेलो, म्हटलं, बदल तेल. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा जबाबदारी झटकली, आणि बदललं. लालभडक तेल, बघून बरं वाटलं. आणि पुढच्याच वेळी इथे येताना, हॉस्पिटलचा हा चढ आहे ना, त्या चढावर, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन बोंबललं, गाडी मात्र जागच्या जागी, मागून हॉर्न, आणि मग असा दणका, की बूट हिच्या मांडीवरून खाली! हा खरा हो! हा पायाचा नव्हता! पाय माझा अनवाणी, सीटखाली मुडपून ठेवलेला, गुडघा ठणकत असताना! गिअरबॉक्स गेला होता, खरोखर गेला होता, जुन्या तेलावर तगून होता तो!

आणि आता माझं कोण ऐकणार? गिअरबॉक्सवाल्याकडे नेली, त्याच्या सपाट रस्त्यावर, थंड गाडी, लोण्यासारखी! "चढावर ने," म्हटलं, "गरम होऊ दे." तर हसतो आणि माझ्या पायाकडे बोट दाखवतो. सुतकी चेहऱ्याचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा हसला, तोही माझ्या पायाला! स्टूलवाला म्हणतो, "मास्तर, पाय!" पांढरा कोटवाला म्हणतो, "काका, सिस्टिममध्ये काही नाही, म्हणजे पायच." शेजारचे इंजिनिअर जिन्यात भेटले की आधी माझ्या पायाकडे बघतात. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे आता." मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, सांग तिला! तू साक्षीदार आहेस, बूट तुझ्या मांडीवर होता! ही उठून बसली, पाठ धरून बसली, म्हणाली, "अगं, खरंच पाय नव्हता. मी बघत होते. या वेळी खरंच गिअरबॉक्स आहे." तर मुलगी तिला म्हणते, अगदी प्रेमानं, "आई, तू आधीही गिअरबॉक्सच म्हणत होतीस."

संपलं. ही माझ्याकडे बघते, मी हिच्याकडे. तिनं मला वाचवायला जे खोटं सांगितलं होतं ना, ते आता आमच्या खऱ्याच्या आडवं आलं.

मग मुलीनं मार्ग काढला. "गाडी विका. मग आई इथेच राहील, तुमच्याजवळ, आणि व्यायामाला मी नेईन दोघांना, माझ्या गाडीतून." म्हटलं, विकतो. असं लगेच म्हटलं, की तीच दचकली. अहो, विचार कसला करायचा त्यात? एका बाजूला गाडी, आणि एका बाजूला संध्याकाळी "अहो, लाइट लावा" म्हणणारं माणूस. विकली.

विकतानाचं ऐका. एक गृहस्थ आले, ट्रायल घेतली, उतरले, आणि काय म्हणाले ते तुम्हीच म्हणा. हां! मी म्हटलं, साहेब, फसवणार नाही तुम्हाला, चढावर गरम झाली की तिसरा गिअर घसरतो. माझ्या मागे उभी राहून मुलगी त्यांना पायाची खूण करतेय! ते हसले, "मास्तर, विकायचं मन होत नाही वाटतं तुमचं!" घेऊन गेले. पुढे कुठल्याशा घाटात बंद पडली म्हणे त्यांची, ओढून आणली. मी म्हटलं, बघा! झालं ना सिद्ध! तर जावईबापू काय म्हणाले? "त्यांनाही डाव्या पायाची सवय असेल."

तर आता असं चाललंय. मुलगी येते, आम्ही जातो. ही पुढे बसते, तिच्या पाठीला पुढची सीट बरी, मी मागे. मुलीची साधी गाडी, क्लचवाली. बोलत बसतात मायलेकी. आणि माझा डावा पाय मागे, मॅटवर, दाबतोय आपला. दाबू दे, तिथे कुणाला त्रास नाही. आज सकाळी येताना काय झालं, चढ लागला, आणि मला वास आला. जळका. हा वास मी झोपेतही ओळखीन! मी हळूच पुढे वाकून बघितलं. मुलीचा पाय क्लचवर! टेकवून ठेवलाय आरामात, उशीवर ठेवल्यासारखा! गिअर पडलाय, गाडी चाललीय, आत प्लेट जळतेय, आणि पाय तिथेच. माझ्या जिभेवर आलं होतं, तेच, आयुष्यभराचं वाक्य... आणि ही पुढच्या सीटवरून मान न वळवता हात मागे घालते आणि माझा गुडघा दाबते. तो डावाच. तिलाही आला असणार वास. म्हणजे आता मुलीचाही क्लच जाणार, आज ना उद्या, याच चढावर.

आरशातून मुलगी विचारते, "काय बाबा, गप्प का? कशी चालतेय गाडी?"

म्हटलं, "लोण्यासारखी."